लियाबाईंची नदी कुणापाशी आहे?

एखाद्या बाईचा जन्म सदरमधला, शाळा सदरमधली, बोली सक्करदऱ्याची, बाजारहाट इतवारीतली आणि राख इथल्याच घाटावरची असेल, तर तिला नागपूरकर म्हणायला तुम्हाला आणखी काय लागतं? हा प्रश्न मी रागानं विचारते आहे आणि तो राग लपवायची माझी इच्छा नाही. गेल्या महिन्यात नृत्यदिग्दर्शिका लियांग युलान गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबद्दल चार ओळी छापून आल्या, त्यांत लिहिलं होतं, ‘नागपुरात वास्तव्यास असलेल्या चिनी कलावंत’. वास्तव्यास असलेल्या! जणू त्या आयुष्यभर इथे पाहुण्या म्हणून उतरल्या होत्या आणि आता सामान बांधून निघाल्या.

त्या गेल्याचं मला त्याच्या आदल्या दिवशी इतवारीतल्या छापखान्यात कळली. एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. वंदनाताईचा फोन आला. वंदनाताई म्हणजे बाईंची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. आता एका दवाखान्यात नर्स आहे आणि बाईंच्या शेवटच्या आजारपणात तीच त्यांच्याजवळ होती. म्हणाली, “लियाबाई गेल्या वं.” सक्करदऱ्याच्या आमच्या बस्तीत त्यांना लियांग कुणी म्हटलंच नाही. लियांगचं लिया झालं, त्याला बाई जोडली गेली आणि त्यांनीही ते नाव घालून घेतलं, चपला घालाव्यात तसं. मी प्रूफ खाली ठेवलं. मागे यंत्र धडधडत होतं. ताईच पुढे म्हणाली, “ऐकून राहिली ना? आन् नदी राहूनच गेली...”

ती नदी काय आहे आणि ती राहिली कशी, हे सांगायला मी बसले आहे.

बाईंचे आईवडील चीनच्या हुबेई प्रांतातून आले होते. वडील दातांचे डॉक्टर. सदरमध्ये खाली दवाखाना, वर घर. आई लहानपणी गावातल्या संगीत नाटकाच्या मंडळीत नाचायची. त्या नाचात अंगरख्याच्या बाह्या हातापेक्षा कितीतरी लांब असतात, पांढऱ्या, पातळ कापडाच्या. मनगटाच्या एका झटक्यानं त्या हवेत सुटतात, लाटेसारख्या उलगडतात आणि दुसऱ्या झटक्यानं घडी होऊन परत हातावर येऊन बसतात. तिकडे त्यांना पाण्याच्या बाह्या म्हणतात. दुपारी दवाखाना बंद झाला की आई दात काढायची खुर्ची भिंतीशी सरकवायची आणि लेकीला शिकवायची. “माझी बाही त्या खुर्चीच्या दांडीले अडकायची,” बाई सांगायच्या, “आन् आई म्हणायची, अडकू दे, जागा कमी असली का मनगट हुशार होते.” मग बासष्टचं युद्ध आलं. ज्यांच्या दाढा वडिलांनी वाचवल्या होत्या तीच माणसं त्यांना पाहून रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली. वडिलांना पोलिसांत हजेरी द्यावी लागायची. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. देशातली कितीतरी चिनी कुटुंबं तेव्हा घरातून उचलून राजस्थानातल्या छावणीत नेऊन ठेवली होती. आपल्या शाळांत हे शिकवत नाहीत. हे घर वाचलं. पण एका दुपारी आईनं त्या बाह्या उसवल्या आणि त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. “मी किती वर्सं नाचावर डोकं ठेवून झोपली वं,” हे बाई हसत सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही.

वडील गेल्यावर दवाखाना बंद झाला, भाऊ कॅनडाला गेला आणि त्यानं बहिणीलाही बोलावलं. बाई गेल्या नाहीत. “काहून जाऊ? तिथं मले कोण ओळखते?” वंदनाताईनं एकदा छेडलं, “आन् इथं?” तर म्हणाल्या, “इथं तं सगळेच ओळखते. पोट्टे लांबूनच ओरडते, चाऊमिन आली, चाऊमिन!” आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं हसल्या की आम्हाला कुठे बघावं ते कळेना.

शाळाशाळांत स्नेहसंमेलनांचे नाच बसवून त्या पोट भरत होत्या, पण त्यांच्या डोक्यात दुसरं काही चाललं होतं. आमच्या बस्तीतल्या बुद्धविहारात एका व्याख्यानाला त्या येऊन बसल्या होत्या. वक्ता सांगत होता की पूर्वी एक चिनी भिक्षू धम्माच्या पोथ्या शोधत वाळवंट, डोंगर आणि नद्या ओलांडून पायी भारतात आला. व्याख्यान संपल्यावर बाई उठून विहारातल्या बायांना म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडला माणूस एवढा पायी तुमच्याकडे आला होता. तुम्ही त्याले चहा तरी पाजला का?” बाया हसल्या. मग बाईंनी विचारलं, “मले सकाळी हा हॉल द्याल का? त्याचं येणं नाचात बसवीन म्हणते.” शहरातल्या चांगल्या चांगल्या संस्थांनी त्यांना हॉल नाकारला होता. विहारातल्या बायांनी ठराव-बिराव काही केला नाही. एकीनं किल्ली काढून दिली, तेवढंच.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा छापखान्यात होते. उरलेली, वाकडी छापलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि मी त्यांवर अक्षरं शिकले. ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी मला ‘उठा’ आणि ‘संघटित’ वाचता आलं. अशा घरात नाच शिकणं म्हणजे फितुरीच. बाई मला मागायला आल्या तेव्हा बाबा म्हणाले, “बाई, आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी नाचवलंच आहे. अजून काय नाचायचं?” बाईंनी चहा खाली ठेवला. “भाऊ, तुमच्या लोकाईले दुसऱ्यानं नाचवलं. मी त्यांले स्वतः नाचाले शिकवून राहिली. फरक आहे का नाही, तुम्हीच सांगा.” बाबा वादात सहसा हरत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मला विहारात सोडून आले.

त्या नृत्यनाट्याचं नाव ‘पायी’. आधी वाळवंट, मग डोंगर, मग नदी आणि शेवटी गाव, असा त्याचा प्रवास. वंदनाताई भिक्षू व्हायची. मी वाळवंटात होते, वाळवंटातच राहिले. पण सगळ्यांचा जीव अडकायचा तो नदीत. त्यात भिक्षू रंगमंचावर एकटा उभा असतो आणि दोन्हीकडून मुली येतात, सगळ्यांच्या हातांत त्या पांढऱ्या बाह्या. आधी शांत पाणी, मग वाढतं, मग पूर. पूर येतो तेव्हा मुली दिसेनाशा होतात, नुसतं कापड उरतं, आणि त्या कापडातून भिक्षू वाट काढतो. कापड इतवारीतलं. बाई आम्हाला घेऊन जायच्या आणि दुकानदार त्यांच्याशी तोडकं हिंदी बोलायला लागला की गप्प ऐकून घ्यायच्या. भाव सांगून झाला की म्हणायच्या, “भाऊ, मले नवीन समजून राहिले का? या दुकानात तुमचे वडील बसायचे तवापासून मी येते. बरोबर भाव लावा, नाही तं त्यांले तुमचं नाव सांगते.” दुकानदार लाजायचा आणि वर अर्धा मीटर जास्त फाडायचा.

बाह्या फेकायला सगळ्यांनाच यायचं. “फेकाले काय वं, कोणीही फेकते,” बाई ओरडायच्या, “बोलावली का वापस आली पाहिजे. काहून थांबली? नदी थांबते का मधात?”

बाईंच्या शिकवण्यात एक रीत होती आणि तीच मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठी वाटते. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही, आणि सरावाचं चित्रीकरणही करू दिलं नाही. कुणी मोबाइल काढला की म्हणायच्या, “ठेव तो. त्याले आठवलं का तू विसरशील.” मग नाच टिकायचा कसा? तर जागा देऊन. मुलीचं लग्न ठरलं, नोकरी लागली, शहर सोडायची वेळ आली, तरी आपली जागा दिल्याशिवाय तिनं जायचं नाही. जाणारी मुलगी येणारीच्या मागे उभी राहायची, तिच्या खांद्यांवर हात ठेवायची आणि सगळा नाच तिच्यासोबत सावलीसारखा करायची. पुन्हा आणि पुन्हा. एक दिवस ती हात काढून घ्यायची आणि भिंतीशी जाऊन बसायची. नवी एकटी नाचायची. नाच झाला की बाई भिंतीकडे पाहून विचारायच्या, “दिली?” तिकडून उत्तर, “दिली.” मग मधल्या मुलीला, “घेतली?” “घेतली.” या वेळी पुष्कळदा दोघीही रडत असायच्या. आणि नदीच्या बाबतीत बाईंनी एक सूट ठेवली होती. जागा देताना प्रत्येकीनं त्यात आपलं एक काहीतरी सोडून जायचं. एक वळण, एक थांबणं, मान वळवायची एक तऱ्हा. त्यामुळे नदी दरवर्षी थोडी बदलत गेली. पुढे पुढे बाई स्वतः म्हणायच्या, “आता नदी माझ्यापाशी नाही. मी सोडली तवा नाला होता. आता तुमच्यापाशी हाये.”

ज्यांच्याकडे वंशावळी नाहीत, बखरी नाहीत, त्यांची विद्या अशीच हातातून हातात येते. हे मला पत्रकांनी सांगितलं होतं. पाहिलं ते त्या हॉलमध्ये.

‘पायी’ दिल्लीत झालं, कलकत्त्यात झालं. दिल्लीत पडदा पडल्यावर लोक बसायला तयार नव्हते. मग चीनमधून, हुबेईतल्याच एका महोत्सवातून बोलावणं आलं आणि आईवडिलांचा देश बाईंनी पहिल्यांदा पाहिला. तिथे निवेदकानं त्यांची ओळख ‘भारतातून आलेल्या पाहुण्या’ अशी करून दिली. ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, “बरं वाटलं ना. इथं तं कोणी म्हणत नाही!” पण त्यांच्या मनात राहिली होती ती दुसरीच गोष्ट. प्रयोगानंतर एक म्हातारी नर्तकी रंगमंचामागे आली, बाईंचं मनगट धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. बाही परत बोलावायची ही तऱ्हा आमच्या भागातली होती, ती म्हणाली, इथे आता ती कुणालाच येत नाही, तुम्ही कुठे जपलीत? बाई म्हणाल्या, “सक्करदऱ्यात.” तिला सक्करदरा कुठून माहीत असणार... पण बाईंना दुसरं उत्तर सुचलं नाही, आणि दुसरं उत्तर नव्हतंच.

मग ते वाईट वर्ष आलं. वुहान ज्या प्रांतात आहे तो हुबेई. बाईंनी तो प्रांत आयुष्यात एकदा, चार दिवस पाहिला होता. तरी सदरच्या त्याच गल्लीत, जिथल्या तीन पिढ्यांना त्यांनी शाळांत नाचवलं होतं, तिथे त्यांना पाहून लोक तोंडावर रुमाल धरू लागले. चाऊमिनचं आता कोरोना झालं. त्यात सीमेवर चकमक झाली. टाळेबंदी उठल्यावर शहरातल्या एका मोठ्या महोत्सवात ‘पायी’ ठरलं होतं, मुली घाम गाळत होत्या, आणि एका सकाळी समितीचे एक गृहस्थ विहारात आले. फार नम्रपणे बोलले. नम्रपणाचा इतका राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता. “मॅडम, तुम्ही आमच्याच आहात, प्रश्नच नाही. पण वातावरण तुम्ही समजून घ्या. नाच होईल. फक्त पोस्टरवर तुमचं नाव नको. सक्करदऱ्याच्या मुली सादर करत आहेत, एवढंच टाकू.” बाईंनी विचारलं, “आन् मी कोठची, भाऊ?” ते गृहस्थ घड्याळाकडे पाहू लागले.

ते गेल्यावर आमचं भांडण झालं. बाई म्हणाल्या, “जाऊ दे. पोरींनी किती मेहनत केली. माझं नाव नसलं तं नाच का दुसऱ्याचा होते?” मी म्हटलं, “होतो! बाई, या देशात असंच होतं. तळी कुणी खोदली, देवळं कुणी घडवली, नावं कुणाची लागली? ज्याचं नाव काढून घेतलं त्याचं सगळंच काढून घेता येतं. आज पोस्टर, उद्या नाच.” वंदनाताई माझ्यावर उखडली. “तू भाषण नको देऊ वं. पोरी पाहून राहिली का? यांच्यातल्या अर्ध्यांचे मायबाप आधीच कुरकुर करून राहिले. आता स्टेज नाही भेटलं तं उद्या कोणी येणार नाही. जागा न देता जातील, मग काय करशील? पत्रक वाटशील?” बाई दोघींकडे पाहत राहिल्या. हातातली बाही घडी करत बसल्या, उलगडून पुन्हा घडी...

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. “भाऊ, नाव काढाचं असंल तं नाचही काढा. दोन्ही एकाच घरचे हायेत. एकटं कोणी येणार नाही.” आणि फोन ठेवून मुलींना म्हणाल्या, “चला, वाळवंटापासून.”

वंदनाताईचं म्हणणं खरं ठरलं. त्या मोसमात नदीतल्या मुली एकेक करून गेल्या. कुणाला दहावीचा क्लास लागला, कुणाच्या घरच्यांनी शहर बदललं, कुणाच्या आईनं स्पष्टच सांगितलं की या वातावरणात त्या बाईकडे नको. पहिल्यांदाच असं झालं की भिंतीशी कुणी बसलं नाही आणि बाईंना “दिली?” विचारायला कुणी उरलं नाही. नकार देण्यात आमची चूक झाली असं मला आजही वाटत नाही. आज तसंच कुणी आलं तर मी तेच म्हणेन. पण बरोबर असण्याची किंमत नेहमी त्याच माणसाकडून वसूल होते ज्याच्यावर अन्याय झाला, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. समितीचं काहीच बिघडलं नाही. त्यांनी त्या जागी दुसरा नाच घेतला.

पुढे बाईंना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. बाही परत बोलावणारा हात. शेवटची भेट झाली ती सदरच्या त्या वरच्या खोलीत. वंदनाताई त्यांना भरवत होती. “मीठ नाही वं यात,” बाई म्हणाल्या. ताई म्हणाली, “डॉक्टरनं मीठ बंद केलं.” “डॉक्टरले आणून खाऊ घाल मग.” थोडं हसू झालं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, डाव्या हातानं उशाशी पडलेला टॉवेल उचलला आणि मला वळण दाखवू लागल्या. टॉवेल उडायचा आणि खाली पडायचा. मी उचलून द्यायचे. पुन्हा पडायचा. मी वाळवंटातली. मला ते मनगट कधी नव्हतंच. शेवटी त्या दमल्या, डोळे मिटले आणि विचारलं, “नदी कोणापाशी हाये?” वंदनाताईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “हाये कोणापाशी तरी. नदी मरत नाही. पाहा तुम्ही...”

विहारात शोकसभा झाली. भाषणं ठेवली नव्हती. जेवढं ‘पायी’ आमच्याकडे आहे तेवढं नाचायचं ठरलं. वाळवंट झालं. डोंगर झाला. वंदनाताई या वयातही भिक्षू होऊन चढली, धाप लागली तरी चढली. मग नदीचं संगीत सुरू झालं, बासरी आणि खालून हळूहळू वाढणारा ढोल, आणि मंचावर कुणी आलं नाही. ताई एकटी उभी होती, समोर पाहत, पाण्याची वाट पाहत. आम्ही कडेला हात बांधून उभ्या. संगीत चाललं होतं. लोकांना वाटलं नाच संपला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. ढोल पुराला आला होता आणि टाळ्या चालू होत्या. टाळ्या थांबल्यावर ताई ठणकावून म्हणाली, “संपलं नाही अजून. बसा.” कुणी हललं नाही. संगीत संपेपर्यंत सगळे त्या रिकाम्या फरशीकडे पाहत बसले.

बाईंचं स्मारक व्हावं, रस्त्याला नाव द्यावं, असं काही लोक आता म्हणत आहेत. द्या. पोस्टरवरून नाव काढायला सांगितलं तेव्हा यांतले किती जण बोलले होते ते मी इथे लिहीत नाही, पण मला आठवतं. मला मात्र वेगळं मागायचं आहे. शेवटच्या मुली जागा न देता गेल्या, पण त्यांच्या आधी वर्षानुवर्षं कितीतरी जणींनी नदीतली जागा घेतली आणि दिली. त्या कुठे गेल्या? अमरावतीला सासरी असतील, भंडाऱ्याला शाळेत शिकवत असतील, इथेच लकडगंजात दुकानाच्या गल्ल्यावर बसत असतील. घरच्यांना कदाचित माहीतही नसेल. विसरले असं त्या म्हणतील, पण पाय विसरत नाहीत. एकीला सगळी नदी येत नसेल, चालेल. एक वळण आठवत असेल, ते एक आणा.

म्हणून आज हा लेख वाचून झाला की बायकोला, सुनेला, वहिनीला, शेजारणीला विचारा, तू कधी लियाबाईंच्या नदीत होतीस का? ती हो म्हणाली तर रविवारी सकाळी तिला सक्करदऱ्याच्या विहारात घेऊन या. घरचा स्वयंपाक त्या दिवशी तुम्ही करा. आणि ती जर तुम्हीच असाल, तर या. आमच्याकडे आता नदी घ्यायला नव्या मुली उभ्या आहेत. त्यांच्या मागे उभ्या राहा आणि त्यांच्या खांद्यांवर हात ठेवा.